पहिला आकडा कोण बोलणार?

मराठवाड्यात घासाघीस शिकवायला कॉलेज कशाला पाहिजे, असं मला पुष्कळजण विचारतात. विचारणाऱ्यांचं चुकत नाही. उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात एखादा सौदा जवळ उभं राहून बघा. घेणारा जनावराचे दात बघतो, चार पावलं चालवतो, खुरात काहीतरी खोड काढतो, ‘ऱ्हाऊ द्या मग’ म्हणून निघून जातो आणि चहा पिऊन परत त्याच दावणीला येतो. तो येणार हे विकणाऱ्यालाही माहीत असतं. जुन्या वळणाचा दलाल असेल तर टॉवेलाखाली हात धरून बोटांवर भाव सांगतो. शेजारी उभ्या असलेल्या सख्ख्या भावाला आकडा कळत नाही. हे शिकायला कुणी फी भरलेली नसते. शहागंजात साडीच्या दुकानात बायका जे करतात त्यावर तर एखादीला पीएच.डी. मिळायला हरकत नाही.

मग मी तासाला जाते आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना सांगते, समजा समोर वाळूजच्या कंपनीचा माणूस बसलाय आणि विचारतोय, अपेक्षित पगार किती? ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या आठवडी बाजार केला गेला ती मुलं एका सुरात सांगतात, ‘सर, कंपनीच्या नियमाप्रमाणे.’ एखादा धीट असला तर म्हणतो, ‘तुम्ही द्याल ते.’

दहा रुपयांच्या मेथीच्या जुडीला अडून बसणारी माणसं पुढच्या तीन वर्षांच्या पगाराला का अडत नाहीत? मी हा विषय शिकवायला लागल्यापासून या एका प्रश्नाभोवतीच फिरते आहे.

मी स्वतः हे विद्यापीठात शिकले, मॅनेजमेंटला. तेव्हा तो अर्ध्या पेपरचा भाग होता. झेरॉक्सच्या नोट्स, ‘वाटाघाटीचे टप्पे सविस्तर लिहा’ आणि दहा मार्क. पूर्ण वर्षात कुणी कुणाशी एक सौदा केला नाही. आता नव्या शैक्षणिक धोरणात कौशल्याचे दोन-दोन क्रेडिटचे पेपर आले, आमच्या कॉलेजने त्यात हाही घेतला आणि तो माझ्याकडे आला. मी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर आहे, आणि कुणाला नको असलेला नवा पेपर सीएचबीवाल्यांच्या वाट्याला येतो हा निसर्गनियम आहे. माझा तासाचा दर शासन निर्णयाने ठरतो, तिथे घासाघिशीला जागा नाही. हे मुलांनी पहिल्याच आठवड्यात हेरलं आणि मला ऐकवलंही. पण पेपर नवा असल्यामुळे नोट्सही नव्हत्या, म्हणजे मला हवं ते करायची मोकळीक होती. मी चिठ्ठ्या केल्या.

पद्धत साधी आहे आणि जगभर वाटाघाटी अशाच शिकवतात. दोघांच्या हातात दोन वेगळ्या गुप्त चिठ्ठ्या द्यायच्या, दोघांना समोरासमोर बसवायचं, वेळ लावायची, शेवटी चिठ्ठ्या उघडायच्या. माझ्या पहिल्या खेळात चाळीस क्विंटल सोयाबीन होतं. शेतकऱ्याच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: घरात ठेवायला कोरडी जागा आहे, पण लेकीची फी पंधरा दिवसांत भरायची आहे. शेजारच्या गावचा व्यापारी ४१०० द्यायला तयार आहे. व्यापाऱ्याच्या चिठ्ठीत होतं: ऑइल मिलला या आठवड्यात माल द्यायचा शब्द दिला आहे, ४५०० पर्यंत परवडतं. फळ्यावर मी त्या हंगामाचा, म्हणजे २०२४-२५चा, हमीभाव लिहून ठेवला होता, ४८९२ रुपये. मोंढ्यातला, म्हणजे बाजार समितीतला खरा भाव त्याच्या खालीच रेंगाळत होता, हे वर्गातल्या निम्म्या घरांना सोसून माहीत होतं.

जवळजवळ प्रत्येक जोडीत एकच झालं. शेतकरी झालेल्या मुलाने विचारलं, ‘काय भाव चाललाय मालक?’ व्यापारी झालेल्याने सांगितलं, ३९००. कुठून आणला हा आकडा? चिठ्ठीत नव्हताच. पण एकदा तो टेबलावर पडला की पुढची सगळी ओढाताण त्याच्या आसपास झाली. शेतकरी दहा-वीस रुपयांनी वर ओढत राहिला, माल ओला नाही, माती नाही, चाळणी मारलेली आहे असं पटवत राहिला, आणि ४१५०ला सौदा पटला. सगळे खूश. मग चिठ्ठ्या उघडल्या. व्यापारी साडेचार हजारांपर्यंत येऊ शकत होता हे कळल्यावर जो गोंगाट झाला त्याने शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले.

आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमान या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली छापलेला एक प्रयोग मी त्या गोंगाटातच सांगितला. त्यांनी एक चक्र फिरवलं, ते १० किंवा ६५ या दोनच आकड्यांवर थांबेल अशी सोय करून. मग लोकांना विचारलं, संयुक्त राष्ट्रसंघातल्या देशांपैकी किती टक्के देश आफ्रिकेतले असतील? चक्राचा या प्रश्नाशी काडीचा संबंध नाही. तरी ज्यांच्यासमोर १० आला त्यांचा मधला अंदाज २५ टक्के निघाला आणि ज्यांच्यासमोर ६५ आला त्यांचा ४५. निव्वळ चक्रावरचा आकडा माणसाला एवढा ओढत असेल, तर गादीवर बसलेल्या माणसाने बोललेला आकडा किती ओढेल!

इथे मागच्या बाकावरून जो आक्षेप आला तो माझ्या नोट्समध्ये नव्हता. ‘मॅडम, तुमचा खेळ चुकीचा हाय. मोंढ्यात शेतकरी बोलतच नाही. बोली व्यापारी करायलेत, आडत्या ऐकायला. माझा बाप ढिगापाशी हुबा असतो. पट्टी हातात आल्यावर त्याला कळतं काय झालं ते.’ वर्ग हसला नाही. खेळ चुकीचा होताच. बाजार समित्यांचा १९६३चा कायदा आणला तो उघड लिलाव व्हावा, टॉवेलाखालचे हात बंद व्हावेत, वजनमापात आणि कपातीत लूट होऊ नये म्हणून. बऱ्याच अंशी तसं झालंही. पण ज्याचा माल त्याच्या तोंडून आकडा निघावा अशी सोय त्यात नव्हती. शेतकऱ्याला भाव नाकारता येतो. बाप नाकारतो का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, टेम्पोचं भाडं देऊन माल परत घरी कोण नेणार?

म्हणजे बैलबाजारात दावणीवरून निघून जाणारा, चहा पिऊन परत येणारा तो पक्का माणूस मोंढ्यात निघून जाऊ शकत नाही. त्याची जीभ तीच आहे. फक्त बैल बाजारातून चालत घरी परत जातो, चाळीस क्विंटल सोयाबीन जात नाही.

पाठ्यपुस्तकात याला नाव आहे. अमेरिकेत हार्वर्डला रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१मध्ये ते रूढ केलं, बाटना: बोलणी फिसकटली तर तुमच्या हातात उरणारा सगळ्यात चांगला पर्याय. माझ्या वर्गात त्याचा तिसऱ्या मिनिटाला ‘वाटाणा’ झाला आणि आता पेपरातही कुणीतरी वाटाणा लिहितो. असो. कल्पना मात्र मुलांनी लगेच पकडली, कारण त्यांच्या घरात तिची चणचण आहे. आमच्याकडे बोलणं शिकवणाऱ्या क्लासेसचं पेव फुटलंय: नजर मिळवा, आवाज खर्जात ठेवा, हस्तांदोलन घट्ट करा. हे सगळं मी शेवटच्या आठवड्यासाठी ठेवते आणि बहुतेक वेळा तो आठवडा सुट्ट्यांत जातो. माझं फार काही बिघडत नाही.

त्याऐवजी मी पर्याय कसे तयार होतात यावर तास खर्च करते. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०पासून आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज उचलायचं, सहा टक्के व्याज, सहा महिन्यांची मुदत. सोयाबीन, तूर, हरभरा, आमची सगळी पिकं त्यात बसतात. वर्गात विचारलं, किती जणांनी ऐकलंय? तीन-चार हात वर. किती जणांच्या घरी वापरली? एकही नाही. कारणं त्यांनीच गोळा करून आणली, मी गृहपाठ दिला होता: आमच्या समितीचं गोदाम भरलेलं असतं, वडलांनी आडत्याकडून खता-बियाण्याला उचल घेतलीय, माल त्याच्याच दुकानात घालावा लागतो, सहा महिन्यांनी भाव पडला तर? शेवटचं कारण पूर्ण शहाणपणाचं आहे. पण दुसरं बघा. पेरणीच्या वेळी जिथून पैसे आणले तिथेच काढणीनंतरचा भाव ठरून गेला. ऑक्टोबरात मोंढ्यात उभं राहून बाप किती हुशारीने बोलतो याने फार फरक पडणार नव्हता. बोलणी जूनमध्येच झाली होती आणि तेव्हा ती बोलणी आहेत असं कुणाला वाटलंही नव्हतं.

‘तुम्ही द्याल ते’ या वाक्याकडे परत येते, कारण त्याची दुसरी बाजू मला एका मुलीने दाखवली. ती म्हणाली, मॅडम, हे वाक्य गरीब माणूसच म्हणतो असं नाही, माझ्या ताईच्या बैठकीत मुलाकडचे म्हणाले होते. आमच्याकडची बैठक ज्यांनी बघितली आहे त्यांना चित्र डोळ्यांपुढे येईल. ओसरीवर सतरंजी, दोन्हीकडचे पाहुणे, मधे एक मध्यस्थ अण्णा, ज्यांना दोन्ही घरांचे सातबारे पाठ असतात. हुंड्याला १९६१पासून कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तो शब्द कुणी काढत नाही. मुलाचे चुलते सुपारी कातरत म्हणतात, ‘आमचं काही मागणं नाही बाप्पा. तुमची लेक आहे, तुम्ही द्याल ते.’ आणि मुलीचा बाप घाम पुसत स्वतःच्याच विरोधात बोली लावायला लागतो. कमी बोललो तर लेकीला ऐकून घ्यावं लागेल, म्हणून आधी मनात धरलेला आकडा वाढवून सांगतो. समोरचे गप्प. तो आणखी वाढवतो.

जोर असलेल्या माणसाने जागा कोरी सोडली तर समोरचा ती भीतीने भरतो. जोर नसलेल्याने कोरी सोडली तर समोरचा ती कंजुषीने भरतो. पहिला आकडा नेहमी आपणच बोलावा असा नियम मी पहिल्या वर्षी फळ्यावर लिहिला होता. आता लिहीत नाही. बाजाराची माहिती असेल तर जरूर बोलावा. नसेल तर आधी दोन दिवस फिरून माहिती काढावी. आणि समोरचा गप्प बसून तुमच्याकडून आकडे काढत असेल तर आपणही पाणी मागावं, घोटभर प्यावं आणि गप्प बसावं. हे शेवटचं मी मुलींना विशेष सराव करून शिकवते. शांतता भरून काढायची सवय त्यांना घरातूनच लागलेली असते.

आता ऊसतोडीचं. बीड जिल्ह्याच्या पोरांना हा विषय शिकवायचा आणि ऊसतोड टाळायची हे शक्य नाही. दसरा-दिवाळीच्या पुढेमागे धारूर, वडवणी, केज, पाटोद्याकडून ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात ती मार्च-एप्रिलला परततात. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, आधी उचल देतो, कोयत्यामागे लाखाच्या आसपास, आणि हंगामभर तोडणी करून ती फेडायची. फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडे. मी मुकादम आणि मजूर अशा चिठ्ठ्या केल्या तेव्हा ज्याचे आईवडील सांगलीकडे फडात होते असा एक मुलगा वर्गात होता. मी त्याला विचारून घेतलं, तू खेळणार का? तो म्हणाला, मी मुकादम होतो. आणि त्याने मुकादम असा रंगवला की मला घाम फुटला. आवाज चढवला नाही. ‘ये बस. पोरगी कितवीला आहे? आजारी होती म्हणं, दवाखान्याला लागले का पैसे? मग सांगायचं की. हे घे.’ पैसे आधी दिले, भाव नंतर काढला. समोरचा मुलगा मजूर म्हणून आलेला, त्याने चिठ्ठीतला एकही मुद्दा मांडला नाही. उपकाराखाली दबलेला माणूस भाव कसा बोलणार?

नंतर चर्चेत मी विचारलं, याचा वाटाणा काय? मुकादम झालेला मुलगा म्हणाला, ‘माझ्या बापाकडं दुसरा पर्याय म्हंजे दुसरा मुकादम.’

इथे एकट्याच्या कौशल्याची हद्द संपते असं माझं मत आहे, आणि मी ते परीक्षेतही मांडायला सांगते. मजुराचा दर ज्या टेबलावर खरोखर हलतो ते टेबल वेगळं आहे. तिथे साखर कारखान्यांचा संघ एका बाजूला आणि ऊसतोड मजुरांच्या संघटना दुसऱ्या बाजूला बसतात. वर्षानुवर्षं तिथे लवाद नेमला गेला, पवार-मुंडे लवाद हे नाव आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असायचं. जानेवारी २०२४मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. का झाली? कारण ऊस शेतात उभा असतो, कारखान्याला रोज गाळपाला लागतो, तोडलेल्या उसाचा उतारा तासागणिक घटतो आणि कोयते थांबले की सगळंच थांबतं. धारूरच्या एका माणसाला नसलेला पर्याय लाखो माणसांना मिळून असतो. मुलं विचारतात, मग आम्ही हे शिकून काय करू? मी म्हणते, त्या टेबलावर तुमच्या बाजूने कागद वाचणारं कुणीतरी लागेलच की.

सगळाच वेळ असा जड जातो असं समजू नका. मेरी पार्कर फॉलेट नावाची एक अमेरिकन बाई होती, १८६८ ते १९३३. वाटाघाटीवर आज जे शिकवतात त्यातलं बरंचसं तिने कुणाच्याही आधी सांगून ठेवलंय आणि ती मला फार आवडते. १९२५च्या एका व्याख्यानात तिने दूध उत्पादकांच्या संघाची गोष्ट सांगितली आहे. संकलन केंद्र टेकडीच्या उतारावर होतं. वरून येणारे म्हणायचे, आमचे कॅन आधी उतरवा. खालून येणारे म्हणायचे, आमचे आधी. संघ फुटायची वेळ आली. मग कुणीतरी सुचवलं, कॅन उतरवायच्या धक्क्याची जागाच बदला, दोन्हीकडच्या गाड्या एकदम लागतील. भांडण मिटलं. कुणी अर्धं-अर्धं घेतलं नाही, कुणी माघार घेतली नाही. दोघांना फक्त लवकर घरी जायचं होतं, आधीच्या नंबराशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

ही गोष्ट ऐकल्यावर मुलं आठवडाभर धक्के हलवत सुटतात. हॉस्टेलच्या बाथरूमचा वाद, मेसच्या पोळ्यांचा वाद, दोन भावांच्या सामाईक विहिरीच्या पाळीचा वाद. विहिरीचा तर एका मुलाने घरी जाऊन खरंच सोडवला म्हणे. मोठ्या काकांना पाणी रात्री नको होतं, कारण त्यांची कंबर दुखते. आणि ही गोष्ट दोन वर्षांत कुणी कुणाला सांगितली नव्हती, कारण मोठ्या भावाने कंबर दुखते असं धाकट्याला कसं सांगायचं?

पण मग मी त्यांना जायकवाडी देते.

वर्गाचे चार गट. नाशिकचे द्राक्षवाले, नगरचे ऊसवाले, पैठणच्या खालचे कालव्यावरचे शेतकरी, आणि शहर व कारखाने. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा जिवंत साठा २१७१ दशलक्ष घनमीटर, पैठणपासून खाली परभणीपर्यंत त्यावर आशा ठेवून बसलेली जमीन, आणि वरच्या अंगाला गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा अशी धरणांची माळ. पाऊस कमी. बोला. पहिली पंधरा मिनिटं निव्वळ आरडाओरडा. आमच्या मुलांना नाशिकचा गट व्हायचं नसतं, बळेच करावं लागतं. आणि एकदा झाले की तेच सगळ्यात जोरात भांडतात, कारण द्राक्षबागेला छाटणीनंतर पाणी मिळालं नाही तर बाग हातची जाते हे त्यांना चिठ्ठी वाचून पहिल्यांदाच कळलेलं असतं. इथे धक्का हलवता येत नाही. पाणी तेवढंच आहे. कुणीतरी म्हणतं, पुराचं पाणी वळवा, कुणी म्हणतं, ऊस बंद करा, आणि दोन्ही सूचना पुढच्या पाच वर्षांच्या असतात. तहान यंदाची असते.

मग मी ६५चा आकडा सांगते. राज्यात २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला, समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व त्यात आलं. मेंढेगिरी समितीने २०१३मध्ये कोष्टक मांडलं, पुढच्या वर्षी प्राधिकरणाचा आदेश निघाला आणि २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं. वाद संपला का? छे. दर टंचाईच्या वर्षी कोर्टकचेऱ्या, मोर्चे, बंदोबस्तात उघडलेले दरवाजे, वाटेत किती मुरलं यावरून आरोप, आणि त्या ६५लाच खाली आणायची ओढाताण. पण पूर्वी भांडण ‘द्या’ आणि ‘देत नाही’ असं होतं. आता ते कोष्टकातल्या रकान्यांवर होतं. दोन्हीकडच्या लोकांना एकच कागद समोर धरून भांडावं लागतं. मला ही मोठी मजल वाटते. माझ्या काही विद्यार्थ्यांना नाही वाटत आणि ते त्यांच्या गावच्या टँकरकडे बोट दाखवतात.

जायकवाडीच्या तासाला हटकून एकजण म्हणतो, आपण बिनशर्त आलो तिथेच चुकलं. मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त सामील झाला हे आमच्याकडे १७ सप्टेंबरच्या मुक्तिदिनाच्या भाषणात छाती फुगवून सांगतात आणि अनुशेषाच्या भाषणात कपाळाला हात लावून. नागपूरकरांनी १९५३च्या नागपूर करारात विधिमंडळाचं एक अधिवेशन लिहून घेतलं, ते अजून भरतं. त्या करारावर मराठवाड्याच्या पुढाऱ्यांच्याही सह्या होत्या, हे मात्र दोन्ही प्रकारच्या भाषणांत सहसा येत नाही. घटनेच्या ३७१व्या कलमात विकास मंडळाची तरतूद १९५६मध्ये आली, मंडळ प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडलं आणि ३० एप्रिल २०२०ला त्याची मुदत संपली. मी मुलांना सांगते, निजामाच्या राज्यातून सुटून मराठी माणसांत आलेल्या पिढीला अटी घालणं हलकं वाटलं असेल तर मला ते समजतं. आपण नातेवाइकांशीही हिशेब लिहून ठेवत नाही. पुढे भांडतो. करार लिहिणं म्हणजे अविश्वास दाखवणं, ही आमच्या भागाची जुनी समजूत आहे, आणि बँकेचा, बिल्डरचा, कंपनीचा बाँड न वाचता सही करणारे तिचे वारस आहेत.

एका मुलाने मात्र मला वेगळ्याच ठिकाणी अडवलं. त्याने विचारलं, मॅडम, विद्यापीठाचं नाव हीपण वाटाघाटच होती का? विधिमंडळाने २७ जुलै १९७८ला नामांतराचा ठराव केला, १४ जानेवारी १९९४ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव लागलं, आणि तेही ‘मराठवाडा’ कायम ठेवून. मधल्या साडेपंधरा वर्षांत वस्त्या जळाल्या, माणसं मेली. दोन्ही बाजूंना काहीतरी मिळालं, असं पुस्तकी भाषेत बसवता आलं असतं. मी ते बसवलं नाही. ज्याची वस्ती जाळली त्याला आणि ज्याने जाळली त्याला टेबलाच्या दोन समान बाजू म्हणणं मला जमत नाही. काही मागण्या भाव करायच्या नसतात, आणि कुठल्या त्या हे ओळखायला माझ्या पेपरमध्ये एकही युनिट नाही. तो मुलगा म्हणाला, मग युनिट टाका. अभ्यास मंडळावर सीएचबीवाल्यांना घेत नाहीत हे मी त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, मागून बघितलं का?

ऊसतोडीच्या खेळावर मात्र माझी दुरुस्ती चालू आहे. मागच्या सत्रात एका मुलीने चिठ्ठी परत केली. म्हणाली, यात मजूर एकच आहे. कोयता म्हणजे नवराबायको दोघं. एकटा माणूस आला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. उचल ठरते तेव्हा बाई चुलीपाशी असते, अंगठा नवऱ्याचा, आणि मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत ती भरते. तिची चिठ्ठी कुठंय? मी तिलाच म्हटलं, लिही. तिने लिहून आणलेली चिठ्ठी मी शुद्धलेखनासकट जशीच्या तशी ठेवली आहे. पाच प्रश्न आहेत. उचल कोणाच्या नावानं लिहिली? निम्मे पैसे माझ्या खात्यात का नाही? दिवस गेले असताना खाडा पडला तर किती कापणार? पाळीच्या दिवशी? पोरीला सोबत आणली तर शाळेचं काय?

वर्गातल्या मुलांचं म्हणणं पडलं, तीन माणसं टेबलावर बसली तर खेळ तासात संपणार नाही, आणि मुकादम तिच्याशी बोलणारच नाही. पहिल्यावर तोडगा आहे, मी विभागप्रमुखांकडे जोड-तासिका मागितली आहे. दुसऱ्यावर त्या मुलीने आधीच विचार करून ठेवलाय. ती म्हणाली, मुकादम मी होणार आहे.